अर्ध्या टँकचा उतार

आमच्या घरात टँक कोणता घ्यायचा यावरून जेवढी तोंडातोंडी झाली, तेवढी माझ्या लग्नात मानपानावरूनही झाली नव्हती. टँक म्हणजे डिझेलचा. टेंपोच्या हौद्यावर बसवायचा, त्याला पंप, मीटर आणि लांब नळी लावायची आणि डोंगरावर जिथं मशीन उभं असेल तिथं जाऊन त्याच्या पोटात डिझेल ओतायचं. पोकलेन काही स्वतः पंपावर जाऊन रांग लावत नाही. त्याचा डबा त्याला जागेवर पोचवावा लागतो.

आमची दोन पोकलेन खालापूरच्या वरच्या अंगाला एका डोंगरावर चालायची. बंगल्यांसाठी प्लॉट पाडायचं काम होतं. पोशीरकडची भातशेती सांभाळून हा धंदा आमच्या ह्यांनी आणि माझ्या धाकट्या दिरानं उभा केला. डिझेल आम्ही ड्रममधून न्यायचो. टेंपोत ड्रम उभे करायचे, दोरीनं आवळायचे, वर जाऊन हातपंप मारायचा. आजूबाजूचे सगळे तसंच करतात, म्हणून आम्हीही करत होतो. त्या डोंगराच्या कच्च्या रस्त्याला तीन वळणं आहेत. थंडी सरता सरता एका सकाळी मधल्या वळणावर दोरी तुटली. आमचे हे मागे उभे होते, ड्रम धरायला गेले आणि भरलेला ड्रम त्यांच्या पायावर आला. गुडघ्याखाली सळई घातली. खाटेवर पडून छताचे वासे बघत बसायची पाळी आली माणसावर.

साइटवरच्या साहेबानं मग हात वर केले. पाडव्यानंतर ह्या डोंगरावर ड्रम दिसला तर तुमची मशीनं खाली उतरवा, नीट पंपाचा टँक आणा, असं त्यानं तोंडावर सांगितलं. त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. पण टँक आला तरी तो चालवणार कोण? हे खाटेवर. म्हणजे त्या उतारावरून रोज माझा दीर जाणार. त्याची बायको, माझी जाऊ, सातव्या महिन्यात होती.

सासूबाईंनी मला देवघरापाशी बोलावून घेतलं. रडणारी बाई नाही ती. पण त्या दिवशी माझा हात असा काही धरला की बांगडी रुतली.

"तू जा गं त्याच्यासंगं टँक बघायला," त्या म्हणाल्या. "त्याला घाई फार. एकाचा पाय गेलाय. दुसरा मला घरी धडका पायजे, बाकी मला कायपन नको."

"आई, मला टँकमधलं काय कळतं?"

"त्याला तरी काय कळतं? दोघं जा."

झालं. माझ्या गळ्यात घोंगडं पडलं.

शेड चौककडच्या रस्त्याला होती. पत्रे कापायचा, जोडायचा आवाज सतत चालू. शेडवाला पन्नाशीचा, काळा चष्मा कपाळावर चढवलेला, बोलायला मोकळा माणूस. त्याच्याकडे एक टँक तयारच उभा होता. लांबट, गोलसर, नुकताच पिवळा रंग दिलेला, चार हजार लिटरचा. कुणीतरी पाण्यासाठी सांगितला होता आणि नंतर फिरकलाच नाही. भावजींची नजर त्याच्यावर गेली ती तिथंच चिकटली. पोरगी बघायला गेल्यासारखे त्या टँकभोवती फिरायला लागले.

मी माझ्या परीनं प्रश्न विचारले. नळी मशीनपर्यंत पुरेल का? पुरेल. मीटर बसेल का? बसेल. ठिणगी पडू नये म्हणून मागे जमिनीला टेकणारी साखळी असते म्हणे, ती? लावून देतो. मग शेडवालाच म्हणाला, "डिझेलला लोक आतून पडदे घालून घेतात. पत्र्याचे, आडवे, भोकं पाडलेले. ह्याच्यात नायत. पडद्यांचा पायजे तर नवा करायला लागंल, तीनेक आठवडे जातील."

"पडदे?" भावजी हसायला लागले. "आत काय बाळंतीण निजवायची हाय?"

शेडमधली माणसं फिदीफिदी हसली. मलाही हसू आलं, खोटं कशाला बोलू. तरी मी विचारलं की पडद्यांनी होतं काय. शेडवाला म्हणाला, आतलं तेल हलत नाही. मी मनात म्हटलं, हललं तर हललं, तेलाला काय मोच येणारे? पण सासूबाईंची पकड मनगटावर अजून जाणवत होती.

"आधी चालवून बघायचा," मी म्हणाले. "डिझेल भरायच्या आधी पाणी भरून. त्याच डोंगरावर, त्याच उतारावर. मी शेजारी बसणार. नीट चालला तर घ्यायचा."

"वयनी, तुमाला माझ्यावर भरवसा नाय?"

"तुमच्यावर हाय. टँकवर नाय."

शेडवाल्यानं मान हलवली. पाडव्याला तुमच्या टेंपोवर बसवून देतो, दिवसभर फिरवा, पटला तर ठेवा, नाहीतर दुसऱ्या दिवशी उतरवून घेईन म्हणाला. एवढं सरळ कोण बोलतं हल्ली.

पाडव्याच्या सकाळी गुढी उभारली आणि आम्ही निघालो. निघताना सासूबाईंनी दारातूनच बजावलं, "नवं भांडं हाय. अर्धं नाय भरायचं. काठोकाठ भरा. आणि गुढी उतरवायच्या आत भरलेलंच दाराशी आना, मी ववाळीन." आमच्याकडे नवं भांडं कधी रिकामं घरात आणत नाहीत आणि अर्धं तर नाहीच नाही. नवा हंडा असो, पिंप असो, कणगी असो. अर्धं म्हणजे काहीतरी राहिलं, काहीतरी तुटलं. मीही हेच ऐकत वाढले, मीही माझ्या मुलीला हेच सांगत आलेय. त्यामुळे शेडवाल्याच्या बोअरवर भावजींनी टँक भरायला लावला तेव्हा पाणी झाकणातून बाहेर सांडेपर्यंत मी "अजून, अजून" म्हणत होते.

चढताना माझे दोन्ही हात समोरच्या दांडीवर होते. पहिलं वळण गेलं. मधलं वळण आलं. तिथल्या कडेच्या दगडांवर डिझेलचा काळा डाग अजून दिसत होता. मी बघायचं नाही ठरवलं आणि बघितलंच. टेंपो मात्र जड पावलांनी, न डगमगता चढत राहिला. कुठं हिसका नाही, कुठं हेलकावा नाही. वरच्या सपाटीवर येऊन थांबलो तेव्हा भावजींनी स्टिअरिंगवर थाप मारली.

"बघा! दगडासारखा बसलाय. आता बोला!"

माझ्या अंगावरचं मोठं ओझं उतरलं होतं. साहेबानं टँकभोवती चक्कर मारली, मीटर बघितला, साखळी बघितली आणि चालेल म्हणाला. भावजींनी लगेच ह्यांना फोन लावला. "दादा, काम झालं. पास! उद्यापास्नं डिझेल चालू." पलीकडून ह्यांचा आवाज मलाही ऐकू आला, किती दिवसांनी मोकळा झालेला. मी फोन घेतला आणि म्हटलं, हो, चांगला आहे, मी स्वतः बघितलं.

मी स्वतः बघितलं म्हणे.

आता एवढं पाणी टाकायचं कुठं? मशीनवाला म्हणाला, धुळीवर मारू. तेवढ्यात वरच्या वाडीतल्या बायका टँक बघून खाली आल्या. चैत्र लागला की त्यांची विहीर तळाला जाते, दगड दिसायला लागतात. त्यांच्यातली एक पुढं होऊन पाणी मिळेल का म्हणाली. भावजींनी एका शब्दानं नाही म्हटलं नाही. मागचा कॉक उघडला आणि हंडे, कळश्या, डबे, सगळं लागलं रांगेला. घाई फार असेल पोराला, पण हात सैल आहे.

मी पण हंडे धरायला गेले. एक बाई डोक्यावर हंडा चढवायच्या आधी जांभळीच्या पानांची डहाळी मोडून पाण्यात सोडत होती. मला माझं माहेर आठवलं. आमच्या आईनं पण चढावर पाणी आणताना हेच केलेलं. मी गमतीनं म्हटलं, "काय गं बाय, पान्यात झाड लावलंस?" ती हसली, हंडा उचलला आणि एक थेंब न सांडता वाटेला लागली. मी पण पुढच्या हंड्याकडे वळले. डोळ्यांसमोर ताट वाढून ठेवलं होतं हो, आणि मी बघून पुढं गेले!

ऊन कलायला लागलं. भावजी घड्याळ बघायला लागले. गुढी उतरायच्या आत घर गाठायचं होतं. त्यांनी कॉक बंद केला, झाकण उघडून आत डोकावले.

"अर्धा हाय अजून. ऱ्हाऊ दे. खाली शेडवर परत काठोकाठ भरू नि मग घरी जाऊ. आईला अर्धं चालत नाय."

आम्ही उतरायला लागलो. पहिल्या वळणाआधी भावजींनी ब्रेक दाबला. टेंपो थांबला. आणि मग, एक श्वास घ्यावा एवढ्या वेळानं, मागून कुणीतरी ढुशी दिली. टेंपो थांबल्या जागेवरून पुढं सरकला.

"काय झालं ओ?" मी विचारलं.

"कायतरी हललं मागं." ते हसले, पण हसू अर्धवटच राहिलं. "टँक आवळलाय तो यू-बोल्ट ढिला असंल. खाली बघतो."

तिथंच मी थांबवायला हवं होतं असं कुणी म्हणेल. म्हणू दे. त्या जागी बसून बघा मग कळेल. पाठीमागं काहीतरी जिवंत जनावर बांधल्यासारखं वाटत होतं आणि थांबायला जागाच नव्हती. एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला, म्हणजे माझ्या दाराच्या बाजूला, दरी. मधलं वळण उजवीकडं वळतं. भावजींनी स्टिअरिंग फिरवलं तशी मागची सगळी धडधड डावीकडं आली. टेंपो माझ्या बाजूला असा कलला की मी दाराला जाऊन आपटले. भावजींनी ब्रेक दाबला. चाकं मुरमावरून घसरली, तेवढ्यात आतलं पाणी पुढं येऊन धडकलं आणि आम्हाला ढकलत घेऊन गेलं. मी ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही. "आई गं" असेल, दुसरं काय असणार.

कडेला पोकलेननं ओढून ठेवलेला मुरमाचा बांध होता. पुढचं डावं चाक त्यात रुतलं आणि टेंपो थांबला.

टेंपो थांबला होता, पण पाणी थांबलं नव्हतं. ते मागे जात होतं आणि पुढे येत होतं. मागे गेलं की टेंपो हलकेच उठायचा. पुढे आलं की बांधाचा मुरूम खरखर करत खाली सुटायचा आणि मला तो दरीत पडताना ऐकू यायचा. माझ्या खिडकीतून रस्ता दिसतच नव्हता. खूप खाली द्रुतगती मार्गावरून गाड्या चालल्या होत्या, त्यांना आमचं काही पडलेलं नव्हतं.

"वयनी, हलू नका," भावजी म्हणाले. त्यांचा आवाज लहान पोरासारखा झाला होता. "हँडब्रेक धरत नाय. पाय काढला तर गेलो."

"मग काढू नका!"

दोघंही दगड होऊन बसलो. मी श्वास घ्यायला भीत होते. पाणी मागे, पाणी पुढे. दर खेपेला थोडं कमी. माझ्या मनात तेव्हा देव आला नाही, नवरा आला नाही. माझी जाऊ आली. सकाळी तिनं गुढीला साखरेची गाठी बांधली होती, पोट सांभाळत, पाटावर चढून. तिला जाऊन काय सांगू? मी शेजारी बसले होते, मी स्वतः बघितलं, हे सांगू?

पाणी निवलं. माझं दार उघडलं तर खाली हवाच. उतरायची वाट एकच, भावजींच्या अंगावरून त्यांच्या दारानं.

"भावजी, माफ करा," मी म्हणाले, पदर खोचला आणि दिराच्या मांडीवरून, स्टिअरिंगच्या आणि त्यांच्या छातीच्या मधून सरपटत गेले. लग्नाला इतकी वर्षं झाली, ह्या माणसासमोर मी कधी पाय पसरून बसले नव्हते. जमिनीवर उतरले. हाताला मिळतील ते दगड उचलून चाकांच्या पुढं लावले, एकावर एक, नखं फुटेपर्यंत. मग मागे गेले, डोंगराच्या अंगाला राहून कॉक धरला आणि पूर्ण उघडला.

"काय करता?" भावजी आतून ओरडले.

"वतते!"

"रिकामा नाय न्यायचा! आईनं..."

"गप बसा! अगदी गप!"

पाणी भसाभसा बाहेर आलं आणि उतारावरून वाहायला लागलं, त्या डिझेलच्या काळ्या डागावरून, दगडांमधून. ते बघत उभी असताना मला ती जांभळीची डहाळी दिसली. समोर नाही, डोक्यात. आई सांगायची, भरलेला हंडा डोक्यावर गप बसतो, उणा हंडा मान मोडतो, म्हणून उण्या हंड्यात पानं टाकायची, पानं पाण्याला धरून ठेवतात. पडदे म्हणजे दुसरं काय होतं? शेडवाल्यानं एका वाक्यात सांगितलं होतं आणि आम्ही दात काढले होते. आणि काठोकाठ भरून आम्ही काय तपासलं? भरलेल्या टँकला हलायला जागाच कुठं होती?

टँक रिकामा झाला. भावजींनी टेंपो मागे घेतला, तो आला निमूट आणि आता हँडब्रेकही धरला. मग ते खाली उतरले आणि डोंगराला पाठ लावून बसले. हात मांडीवर ठेवलेले, पण बोटं अजून स्टिअरिंग धरल्यासारखी वाकडी.

"दादाला सांगू नका," ते म्हणाले.

माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली!

"सांगनार. ओरडून सांगनार. गावाला ऐकू जाईल असं सांगनार!"

"वयनी, ऐका तरी. उद्या काम हाय. नवा टँक म्हंजे तीन आठवडे. मशीनं खाली जातील. हाच घेऊ, मी भरूनच चालवत जाईन. भरलेला कसा शानपनानं आला, तुमीच बघितला."

"आणि पहिल्या मशीनला डिझेल दिलं की?" मी विचारलं. "दुसऱ्याला दिलं की? मग टँक कितीक राहतो? डिझेल वाटायला जाताय का मिरवायला? वर जाताना भरलेला, खाली येताना रोज अर्धा. रोज! हेच वळण! आणि मी नसणार शेजारी दगड लावायला!"

बोलता बोलता मला रडू फुटलं. मला राग आला की रडू येतं, लहानपणापासूनचं आहे ते, त्याला इलाज नाही. भावजी माझ्याकडे बघत राहिले. मग तोंड फिरवून शर्टच्या बाहीनं डोळे पुसले. खाली शेड आली, तरी पाणी भरायला थांबले नाहीत. कर्जत गेलं, रेल्वेचं फाटक लागलं, उघडलं, सरळ घर गाठलं.

दाराशी पोचलो तेव्हा गुढी अजून उभी होती. सासूबाई ताट घेऊन ओट्यावर. शेजारच्या दोन बायका नवा टँक बघायला आलेल्या. हे खुर्चीवर, पाय स्टुलावर. माझी जाऊ दारात, कमरेवर हात ठेवून. खड्ड्यातून येताना टेंपो खडखडला आणि टँक ढोल वाजल्यासारखा वाजला. सासूबाईंच्या कपाळाला आठी पडली.

"रिकामा?" त्या म्हणाल्या. "पाडव्याचा रिकामा आनलास गं दाराशी?"

शेजारणींनी एकमेकींकडे बघितलं. मी टेंपोतून उतरले. साडी मुरमानं माखलेली, नखांतून रक्त.

"टँक रिकामा हाय, आई," मी म्हणाले. "मानूस धडका आनलाय. तुमी तेच मागितलं होतंत."

ह्यांनी भावाच्या तोंडाकडं बघितलं आणि सगळं समजले. त्या वळणाचं त्यांना वेगळं सांगावं लागत नाही. सासूबाई पायऱ्या उतरून आल्या. टँकच्या बाजूनं गेल्या, त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. भावजींसमोर उभ्या राहिल्या आणि त्यांनाच ओवाळलं. निरांजनाची वात सारखी विझायला बघत होती. जाऊ आत निघून गेली. तिच्यामागं मी स्वयंपाकघरात गेले तर तिनं पाण्याचं भांडं पुढं ओढलं आणि माझी नखं धुऊन दिली.

दुसऱ्या दिवशी टँक परत केला. शेडवाल्यानं उतरवून घेतला, वर म्हणाला, "मी बोललो होतो." मी म्हटलं, "बोलला होतात. जरा दरडावून बोलायचं होतंत." पडद्यांचा नवा सांगितला. साहेबानं शब्द खरा केला आणि आमची दोन्ही मशीनं डोंगरावरून खाली आली. एकाची जागा दुसऱ्याच कुणाच्या मशीननं घेतली, ती आम्हाला परत मिळाली नाही. तीन आठवडे घरात कुणी कुणाशी धड बोललं नाही. हे माझ्यावर चिडले असतील का, असं मला वाटत राहिलं. एकदा रात्रीच्या जेवणाला मी विचारलंच. त्यांनी ताटातून मान वर केली नाही. "मला जर कुनी अडवलं असतं," एवढंच म्हणाले आणि भात कालवत राहिले.

टँक तयार झाला तेव्हा झाकण लावायच्या आधी मी शिडीवर चढून आत डोकं घातलं. आडवे पत्रे, एकामागं एक, भोकं पाडलेले. बॅटरी मारून शेवटच्यापर्यंत मोजले. खाली शेडमधला कुणीतरी पोरगा बाळंतिणीचं काहीतरी बोलला. भावजींनी त्याच्याकडे असं बघितलं की त्याचं बोलणं घशातच राहिलं.

ह्या वेळी मुहूर्त नव्हता, गुढी नव्हती. पाणी भरायला लावलं आणि अर्ध्यावर भावजींनीच बोअर बंद केली. मी काही बोलले नव्हते. वर नेला, वळवला आणि उतरायला लागलो. पहिल्या वळणाआधी त्यांनी मुद्दाम जोरात ब्रेक दाबला. मी डोळे मिटले. मागे डुबुक डुबुक झालं आणि बंद. मधल्या वळणावर थांबलो तेव्हा मी खिडकीतून खाली बघितलं. मुरमाच्या बांधाचा जो तुकडा त्या दिवशी सुटला होता, तिथं अजून खळगा होता. भावजी पण बघत होते. मग गिअर टाकला.

घरी पोचलो. सासूबाई ताट घेऊन उभ्या होत्याच. पण ओवाळायला पुढं आल्या नाहीत. आधी विचारलं, "कितीक भरलाय?"

भावजी घुटमळले. आईचं नवं भांडं, दाराशी आणलेलं.

"अर्धा, आई," ते म्हणाले.

"खरा अर्धा? का मला बरं वाटावं म्हनून?"

"खरा."

त्यांना ते पुरलं नाही. ताट माझ्या हातात दिलं आणि बोटाचं पेर टँकवर वाजवायला लागल्या, कणगीत भात किती उरला ते बघतात तसं. वर वाजवलं, खणखणीत. खाली वाजवलं, बद्द. मग वरून खाली, बोटाबोटानं, कान लावून, जिथं आवाज बदलतो ती जागा सापडेपर्यंत. ती टँकच्या बरोबर मध्यावर होती. त्यांनी ताटातलं कुंकू घेतलं आणि तिथंच बोट टेकवलं.

"आता रोज असाच येत जा रं," त्या म्हणाल्या.